कापसाच्या खोलीतली गिटार

सिद्धार्थ नगराळे एक गाणं शिकत होते. ते कोणतं, हे घाटंजी रस्त्यावरच्या त्या सबस्टेशनच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. पण त्यांच्याकडून ते शेवटपर्यंत कोणीही ऐकलेलं नव्हतं. जुनं हिंदी गाणं होतं. सुरुवातीला गिटारचा एक छोटा तुकडा, मग मुखडा, मग तीन अंतरे. वर्षभर परिसरात ऐकू येत होता तो सुरुवातीचा तुकडा, आणि तोही अर्ध्या वेगात. सबस्टेशनच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. तिथला चहावाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "गाडी घाट चढून राह्यली. लोटा तिले कोनी."

नगराळे त्या सबस्टेशनवर ऑपरेटर होते. तिथून निघणारी प्रत्येक लाइन, म्हणजे फीडर, वेळापत्रकाप्रमाणे चालू करायचा आणि बंद करायचा, हे त्यांचं काम. कापसाच्या पडत्या भावाची आणि लांबलचक भारनियमनाची ती वर्षं होती. यवतमाळहून तालुक्याच्या बातम्या करायला जाणाऱ्या वार्ताहराला आधी वेळापत्रक लागायचं, म्हणून सबस्टेशनवर जाणं व्हायचं. नगराळे कंट्रोल रूमच्या दारात खुर्ची टाकून बसलेले असत. अंगानं बारीक, पंचेचाळिशीच्या आसपासचे. शर्टाच्या वरच्या खिशात एक टेस्टर आणि प्लास्टिकची त्रिकोणी नखी. नखी गिटारसाठी. टेस्टर हरवला तर दुसरा मिळत असे. नखी एकदा हरवली तेव्हा त्यांनी जुन्या स्विचच्या झाकणातून नवी कापली आणि ती पहिलीपेक्षा बरी वाजते असं जाहीर केलं.

गिटार त्यांनी यवतमाळच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतली होती. संगणक गावातल्या कॉम्प्युटर क्लासचा, तोही बंद पडलेला. आवाज मुद्रित करायचं सॉफ्टवेअर एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर सापडलं. या तीन गोष्टी एकत्र आल्या, आणि शिकवणारा कोणी नसताना नगराळेंनी शिकायचं ठरवलं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. मूळ गाणं संगणकात घ्यायचं. त्याचे घास करायचे, "एका घासात मावंल तेवढंच." वेग अर्धा करायचा, सूर तोच ठेवायचा, आणि तो घास पुन्हा पुन्हा वाजत ठेवायचा. मग त्याच्याखाली आपला घास मुद्रित करायचा. पडद्यावर दोन्ही आवाजांच्या हिरव्या रेषा उंचसखल उमटत. नगराळे त्यांना डोंगर म्हणत. वरचे डोंगर आणि खालचे डोंगर जुळले नाहीत की खालचे पुसायचे. कानाला बरं वाटलं तरी पुसायचे. पत्नी रत्नमालाबाई दारातून विचारत, "बरं तं वाजलं. काहून पुसलं?"

"डोंगर हालला."

"मानसं हालली तरी तुमाले दिसत नाई. डोंगर बराबर दिसते."

पुढे त्या पाहुण्यांसमोर सांगत, "यायनं एक गानं पुरं करून दाखवावं, मी अख्ख्या वस्तीले जेवन घालीन." नगराळे त्यावर हसत नसत. एक गाणं, पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, एकही जागा न पुसता. एवढंच त्यांना हवं होतं. त्यापेक्षा मोठी इच्छा त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवलेली आठवत नाही.

अडचण राहण्याच्या जागेचीच होती. क्वार्टर सबस्टेशनच्या आवारात. अंगणापलीकडे मोठा ट्रान्सफॉर्मर, आणि त्याची घरघर रात्रंदिवस. तारांखाली बसवलेला पिकअप, म्हणजे तारेची थरथर पकडून वायरीतून पुढे पाठवणारा तुकडा, गिटारीच्या आधी ती घरघर पकडायचा. नगराळे तिला 'साहेब' म्हणत. "साहेब रजेवर जात नाई," ते म्हणायचे. साहेबांना बाहेर काढण्यासाठी त्यांनी जळालेल्या मीटरची बारीक तार सोडवून पिकअपची गुंडाळी नव्याने केली. गिटारीच्या पोटात चहाच्या पुड्यांची चांदी चिकटवली. त्या चांदीपासून एक वायर खिडकीतून बाहेर नेऊन जमिनीत गाडलेल्या अर्थिंगच्या पट्टीला जोडली. गिटार वाजवताना ती वायर त्यांच्या मांडीवरून जायची. लांबून पाहणाऱ्याला वाटे, या माणसाला बांधून ठेवलं आहे. वायरीतून येणारी घरघर थांबली. हवेतून येणारी थांबेना, आणि आवाज मुद्रित करायचा तर माइक हवेतलं सगळं ऐकतो.

गाण्यातला आवाज देविदास राठोडचा होता. राठोड तिथला लाइनमन, जवळच्या तांड्यावरचा. खांबावर चढला की गायचा. खालून जाणाऱ्या बायका गाण्यावरून ओळखायच्या की वर राठोड आहे. त्याला गाणं पाठ होतं, ताल पाठ नव्हता. नगराळेंना ताल पाठ होता, पण गाणं गळ्यात नव्हतं. राठोड नगराळेंना 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायचा, तरी दोघं एकमेकांवर सतत चिडलेले असत.

"भिया, मी गातो तसा तू वाजव न. कायले मले घड्याळाच्या मांगं धाडतं?"

"तू दर वेळी अलग गातं. मी कोनत्या राठोडच्या मांगं जाऊ?"

हवेतल्या घरघरीचा बंदोबस्त कापसानं केला. त्या हंगामात भाव इतका खाली होता की बहुतेकांनी वेचलेला कापूस घरातच भरून ठेवला. रत्नमालाबाईंच्या भावाचं घर गळकं. त्यानं आपला कापूस बहिणीच्या क्वार्टरात आणून टाकला. मागची खोली जमिनीपासून खिडकीच्या वरपर्यंत भरली. मधोमध दोन माणसं बसतील एवढी जागा उरली. नगराळे तिथे काही काढायला म्हणून शिरले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. रत्नमालाबाई सांगत, "मले वाटलं इच्चू चावला."

आत आवाजच नव्हता. ट्रान्सफॉर्मर नाही, रस्ता नाही, स्वतःच्या बोलण्याचाही प्रतिध्वनी नाही. त्याच दिवशी संगणक, माइक आणि गिटार कापसात गेली. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते. दोघं अंगभर खोबरेल तेल चोपडून बसत. रत्नमालाबाईंनी दोन नियम घातले. सोल्डरिंगची इस्तरी त्या खोलीच्या उंबऱ्याआत न्यायची नाही, आणि चपला बाहेर. दुसरा नियम सांगायची गरज नव्हती. त्या भागात कापसात चपला घालून कोणी पाय ठेवत नाही. पहिला नियम नगराळेंनी एकदा मोडला. वायरीचा एक टाका निघाला म्हणून इस्तरी आत नेली. रत्नमालाबाईंनी बाहेरून मेन स्विच खाली ओढला आणि अंधारात म्हणाल्या, "या बाहेर. आधी इस्तरी, मंग तुमी." त्यानंतर तो नियम मोडला गेला नाही.

कापूस मात्र कायमचा नव्हता. खरेदी केंद्र सुरू झालं की तो जाणार होता. केंद्र सुरू व्हायची चर्चा रोज असायची आणि रोज पुढे जायची. नगराळे सबस्टेशनवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "काटा लागला का?" बाकी सगळे खरेदीचा वजनकाटा लागावा म्हणून विचारत. त्यांना तो आणखी थोडे दिवस लागू नये असं वाटत होतं, आणि हे मेहुण्यासमोर बोलता येत नव्हतं. सुरुवातीचा तुकडा झाला होता. मुखडा झाला होता. पहिला अंतरा, दुसरा अंतरा झाला. शेवटचा राहिला होता.

कामाची त्यांची एक रीत होती, ती इथे सांगितली पाहिजे. लाइनवर काम करायचं तर लाइनमन ऑपरेटरकडून परमिट घेतो. ऑपरेटर फीडर बंद करतो, हँडलला कुलूप लावतो, वर 'माणसं काम करत आहेत' अशी पाटी अडकवतो. काम झालं की परमिट परत येतं आणि मगच लाइन चालू होते. हा नियम सगळीकडे आहे. नगराळेंची भर अशी की ज्यानं परमिट घेतलं, त्याच्याच तोंडून ते परत आलं पाहिजे. फोनवर आलं तरी चालेल, पण आवाज त्याचाच हवा. निरोप चालत नसे. एकदा कोणी बडा पाहुणा येणार म्हणून वरच्या इंजिनीअरांचा फोन आला, काम झालंय, लाइन घ्या, म्हणजे चालू करा. नगराळे म्हणाले, "साहेब, तुमच्या नावानं परमिट नाई." पलीकडून बराच आरडाओरडा झाला. नगराळेंनी रिसीव्हर कानापासून थोडा दूर धरला, संपल्यावर पुन्हा कानाला लावला आणि विचारलं, "लाइनमन आहे का जवळ?" लाइनमनला बोलावून फोनवर आणलं गेलं. पाहुण्यांना त्या अवधीत पंख्याशिवाय बसावं लागलं.

तो दिवस पाऊस जाऊन बरेच दिवस झाल्यानंतरचा. कपाशीची पुढच्या वेचणीची बोंडं भरत होती. ज्यांच्याकडे विहीर होती त्यांना चार दिवसांत पाणी द्यायचं होतं, आणि शेतीच्या फीडरला त्या आठवड्यात वीज फक्त दिवसा, दुपारी चारपर्यंत होती. सकाळीच त्या फीडरवर बिघाड झाला. राठोडनं परमिट घेतलं आणि लुनावर निघाला. बिघाड नाल्यापलीकडे टेकडीच्या पायथ्याशी होता. तिथे मोबाइलला रेंज नव्हती.

दुपारी फाटकाशी माणसं जमायला लागली. आधी पाच-सात, मग टपरीपासून अंगणापर्यंत. पुढे गजानन डंभारे. त्यांची विहीर त्याच फीडरवर. एरवी टपरीवर बसून नगराळेंच्या गाडीला धक्का मारण्याचे विनोद करणाऱ्यांत तेच पहिले असत. भारनियमनाची बातमी करायला गेलेला वार्ताहर कंट्रोल रूममध्ये होता. गर्दीनं त्याला एक काम देऊन टाकलं, "पेपरवाले, सारं लिहा." आणि त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

"नगराळे, लाइन घ्या," डंभारे म्हणाले.

"परमिट आहे."

"राठोडचंच न? तो उतरला खाली. मी माह्या डोळ्यानं पाह्यला. खांबाखाली उभा राहून इडी ओढत होता."

"मग येईलच तो. त्याले सांगू द्या."

"मी सांगून राह्यलो न! मी का खोटा बोलतो?"

"नाई. खोटं तुमी बोलत नाई."

"मंग?"

"परमिट तुमच्या नावानं नाई."

हे वाक्य इंजिनीअरांना सांगितलं होतं त्याच स्वरात सांगितलं गेलं. मागून कोणीतरी ओरडलं, "तीन वाजाले आले! चारले बंद करनच हाय याले!" नगराळेंनी पोलिस ठाण्याला फोन केला. होते तेवढे शिपाई दुसरीकडच्या बंदोबस्तावर गेले होते. त्यांनी फोन ठेवला, पॅनेलकडे पाठ केली आणि दारात उभे राहिले. कुलपाची किल्ली मुठीत होती. डंभारे खरं बोलत होते, हे त्यांच्या तोंडावरून कोणालाही कळत होतं. राठोड खाली उतरला असेल, तर एक हँडल फिरवायचं बाकी होतं. उतरला नसेल, तर तेच हँडल.

मग ते वाक्य आलं, जे तिथे बरेच दिवस कोणाच्या तरी मनात असणार.

"आमच्या मोटारी बंद, अन् तुह्या गिटारीले चोवीस तास करंट!"

क्वार्टरचा पुरवठा सबस्टेशनवरून थेट होता. तिथली लाइट जात नसे. त्या वाक्यात काही खोटं नव्हतं.

"आना ते गिटार!"

चार-पाच जण अंगण ओलांडून क्वार्टरकडे गेले. रत्नमालाबाई दारात उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत, आडव्याही आल्या नाहीत. मोठ्यानं म्हणाल्या,

"चपला काढा! अंदर कापूस हाय!"

आणि त्यांनी काढल्या. वाट अडवली असती तर बाईंना ढकलून गेले असते अशा बेतात आलेली माणसं उंबऱ्याशी थांबली, एकमेकांच्या खांद्याचा आधार घेत एकेका पायानं चपला काढल्या आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा त्यांच्या केसांना, गुडघ्यांना कापसाचे पुंजके लागलेले होते. एकाच्या हातात गिटार, दोघांनी मिळून धरलेला संगणक. गिटारीची अर्थिंगची वायर बाहेरच्या खोलीच्या खिडकीत अडकली; एकानं ती तोडली नाही, मागे जाऊन सोडवून आला. मग सगळ्यांनी पुन्हा चपला घातल्या.

गिटार डंभारेंच्या हातात दिली गेली. त्यांनी ती मानेला धरली.

"लाइन घेता का नाई?"

"नाई."

"इचार करा. सालभराचं काम हाय म्हनतात याच्यात."

"गिटारीत नाई. त्या डब्यात आहे," नगराळे संगणकाकडे पाहून म्हणाले. "एक अंतरा राह्यला फकस्त."

हे त्यांनी का सांगितलं, कळत नाही. डंभारेंनाही ते कळलं नसावं. ओटीत कोणी भलतीच वस्तू टाकावी, तसे ते हातातल्या गिटारीकडे पाहत राहिले. मागचे ओरडत होते. "पाहून काय राह्यले, भाऊ? हाना!" डंभारेंनी ती पायरीच्या कडेवर हाणली. आवाज फार झाला नाही. पोटातली चांदी बाहेर आली. संगणक तिच्यामागून गेला; त्यावर दोघातिघांनी दगड घातले. नगराळे दारातून हलले नाहीत. एक तरुण त्यांच्या अंगावर धावला, त्यांची कॉलर धरली, किल्लीच्या मुठीकडे हात घातला. गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "मानसाले हात लावू नोका रे." तरुणानं कॉलर सोडली नाही, पण हात तिथेच थांबला.

अशा अवस्थेत फाटकाबाहेर लुनाचा आवाज आला.

राठोडनं लुना टपरीजवळ लावली. गर्दीतून वाट काढत, कमरेचा पट्टा सैल करत तो आला. "काय हाय? कोनाचं लगन निंगालं का?" कोणी हसलं नाही. तरुणाचा हात सुटला. राठोडची नजर पायरीवर गेली.

"हे काय झालं?"

"आधी परमिट," नगराळे म्हणाले.

"भिया, गिटार..."

"राठोड. परमिट."

राठोड सरळ उभा राहिला. "देविदास राठोड. मानसं खाली, सामान खाली, अर्थिंग काढली. परमिट वापस."

"सही कर."

त्यानं सही केली. डंभारे पायरीशीच होते. त्यांनी विचारलं, "तू उतरलता न रे? मी पाह्यलं तुले."

"उतरलतो. इडी ओढली. मंग पुढच्या खांबावरची चिनीमातीची पिन फुटेल दिसली, तं वापस चढलो. आत्तालोक वरतच होतो." त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. "काहून?"

नगराळेंनी पाटी काढली, कुलूप काढलं, हँडल फिरवलं. पॅनेलवरचा काटा उचलला आणि थरथरून स्थिर झाला. एवढं पाहून माणसं निघाली. वीज आल्यावर थांबण्यात अर्थ नव्हता. प्रत्येकाची मोटार वेगळ्या शेतात होती. डंभारे शेवटी गेले. जाताना त्यांनी गिटारीची मान उचलून भिंतीला टेकवून ठेवली. तारांनी ती अजून पोटाच्या एका फळीला धरलेली होती.

राठोड संगणकाशेजारी उकिडवा बसला. एकेक तुकडा उलटा करून पाहत होता.

"सारं गेलं का?"

"हाव."

"माहा आवाजबी?"

"तोबी."

चार वाजले. कंट्रोल रूममधल्या घड्याळाचा काटा सगळ्यांनाच दिसत होता. शेतीचा फीडर बंद करायची ती वेळ. नगराळे उठले नाहीत.

"चार झाले," राठोड म्हणाला.

"दिसते मले."

"बंद कर न मंग. वरून फोन येईन."

"त्यायचा टाइम फॉल्टमंदी गेला. सकाळपासून. तेवढा द्याचा आहे."

"हुकूम हाय का?"

"नाई."

"भिया, यायनं तुही गिटार फोडली."

"गिटारीचा अन् टाइमचा काय संबंध?"

थोड्या वेळानं फोन वाजला. पुढे नगराळेंची बदली मुकुटबनकडे झाली. घाटंजीत अजूनही समजूत आहे की ती त्या दिवशी लाइन न घेतल्यामुळे झाली. बदलीच्या हुकमात कारण वेगळं होतं. विनापरवानगी जादा पुरवठा. गिटारीचा उल्लेख हुकमात नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या बातमीतही नव्हता. 'संगणकाची मोडतोड' एवढंच होतं.

त्यानंतर वार्ताहराची त्यांच्याशी भेट झाली नाही. शेवटचं दिसले ते त्याच दुपारी, यवतमाळची बस फाटकाशी थांबली तेव्हा. बाहेर पडलेल्या उन्हात पायरीवर ते बसले होते. मांडीवर गिटारीची मान. पक्कडीनं एकेक तार सैल करून काढत होते आणि चार बोटांभोवती गुंडाळून शेजारी ठेवत होते. आत फोन वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. राठोड उठला. नगराळेंनी मान वर न करता हातानंच त्याला खाली बसवलं. नाल्यापलीकडून मोटारींची फटफट येत होती. फोन वाजत राहिला, आणि ते पुढची तार सोडवू लागले.